टोपीची दोरी

“पडला का नाही तो?” थोरला प्रेक्षकांच्या खुर्च्यांमधून ओरडला. “अरे, पडला का नाही?”

रंगमंचावर दिवेवाला शिडीच्या मधल्या पायरीवर उभा होता. हातभर उंचीचा लाकडी बाहुला, नाकाला सकाळीच नवा रंग लागलेला. या क्षणी त्याने हातपाय झाडत धाडकन खाली यायला हवं होतं. पडद्याआडून वहिनीने तिचं वाक्य म्हणूनही टाकलं होतं, “पडला गं बाई पडला, कंबर मोडली मेल्याची!” रिकाम्या नाट्यगृहात ते वाक्य एकटंच फिरून परत आलं. दिवेवाला मान किंचित तिरकी करून खांबावरच्या विझलेल्या दिव्याकडे बघत होता.

वरच्या फळीवर, काळ्या कापडामागे, सुतळी वाकून उभा होता. हातात लाकडी फुली, तिच्यावरून खाली सुटलेल्या बाहुल्याच्या दोऱ्या. लहानपणापासून उंच आणि किडकिडीत, म्हणून सुतळी. आता पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी घरात त्याला दुसरी हाक कोणी मारत नव्हतं.

“भावोजी,” वहिनी हळूच म्हणाली, “आता पडायचं असतं.”

“नाही,” सुतळी म्हणाला. “इथे तो पडत नाही.”

संध्याकाळी खेळ होता, नव्या छताखालचा पहिला. छताचं काम लांबत गेलं तेव्हा हे नाट्यगृह आता विकायलाच काढतात अशी अफवा गावभर झाली होती, आणि आता तिकिटं संपली होती. ‘जागा नाही’ अशी पाटी थोरल्याने स्वतः रंगवून दाराला लावली होती, आणि काही ना काही निमित्त काढून तो तिच्याकडे बघून येत होता. सकाळपासून कोणालाच नीट बसवत नव्हतं. वहिनीने गरम पाण्याच्या गुळण्या करून करून घसा धरून ठेवला होता. मुंगी, तिची नि थोरल्याची मुलगी, दवाखान्यातून रजा टाकून आली होती आणि दिव्यांच्या तारा तपासत रंगमंचाखाली रांगत होती.

“मुंगे, बाहेर ये,” थोरला म्हणाला. “बघ तुझ्या दवाखान्याचा प्रताप.”

मुंगी केसांतलं जाळं झटकत बाहेर आली. दवाखान्यात तिचं काम रुग्णांची स्मरणशक्ती आणि लक्ष तपासायचं. काकाला तिथे दाखल करायचा हट्ट तिचाच होता. इतक्या वर्षांची दारू घरच्या घरी एकदम सोडवणं जिवावर बेतू शकतं, हे तिने बापाला तेव्हा सांगितलं होतं. इकडे जुनं छत उतरलं त्याच आठवड्यात तिकडे सुतळी दवाखान्यात झोपला होता.

“दारूत होता तेव्हा हा माणूस एकदा चुकला नव्हता,” थोरला म्हणाला. “वीस-बावीस वर्षांत एकदाही नाही! आणि आज ऐन वेळी काय, तर तो पडत नाही म्हणे.”

“बाबा, हळू बोला. काका वर आहे.”

“ऐकू दे. सकाळपासून तीनदा विचारलं त्याने मला, चावी कुठे आहे. तिन्ही वेळा सांगितलं. तुझ्या हिशेबाने तर डोकं सुधारायला हवं होतं.”

“सगळं परत येईल असं मी कधी म्हटलं?” मुंगी जमिनीवरच मांडी घालून बसली. “आत्ता ऐकलेलं धरून ठेवायचं आणि त्याच वेळी दुसरं काही करायचं, हे काकाला या आजारामुळेच जड जातं. स्किझोफ्रेनिया म्हणजे नुसते आवाज नव्हेत, बाबा. त्यावर इतकी वर्षं दारू. ओझ्यावर ओझं. आता त्यातलं एक उतरलंय, दुसरं आहेच.”

“दारूने त्याचे आवाज शांत व्हायचे. मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी.”

“तेवढ्यापुरते. सकाळी दुप्पट व्हायचे, तेही तुम्ही बघितलंय. आणि गोळ्यांचं काम बिघडायचं ते वेगळंच.”

“झालं. डॉक्टरीणबाई बोलल्या.”

“मी डॉक्टर नाही.”

“मीही तेच म्हणतोय!”

पडद्याआडून वहिनीला हसू आलं आणि तिने ते खोकल्यात लपवलं. थोरला मात्र हसला नाही. तो वर फळीकडे तोंड करून उभा राहिला. मोठ्या आवाजात बोलणं त्याला सोपं जायचं, हळू बोलायचं म्हटलं की त्याचा खांदा दुखायला लागायचा. आता तो खांदा चोळत होता.

“सुतळी, ऐक. दिवेवाला मी घेतो. तू म्हातारी घे. तिला नुसतं डोलायचं असतं.”

वर दोऱ्या हलल्या. दिवेवाला एक एक पायरी उतरला, रंगमंचाच्या कडेला गेला आणि तिथे आपला आपण खाली बसला.

मुंगीने बापाकडे बघितलं. आजच्यापुरतं असं बाबा म्हणाले नव्हते. आणि या घरात एकदा हातातून गेलेला बाहुला परत मिळत नसे. आजोबांनी थोरल्याकडून दिवेवाला काढून धाकट्याला दिला होता, तो कधीच परत गेला नव्हता.

बाहेरचं दार धाडकन उघडलं.

“पाटी कोणी लिहिली? ‘जागा’मधला काना टोपी घालून आलाय!” आत्याने एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात बाटली घेऊन आत पाऊल टाकलं. “दादा, छत काय झकास झालंय रे! आणि हे कुठलं तोंड घेऊन उभा आहेस? दाढ दुखतेय का? उघड, बघू दे.”

आत्या दातांची डॉक्टर होती. दुसऱ्या शहरात तिचा दवाखाना, आणि तो नेमका संध्याकाळी गजबजायचा. खेळाला न येण्याची ही तिची सबब. वडील गेले त्या वर्षी सुतळीला मनोरुग्णांच्या डॉक्टरांकडे न्यावं की घरीच सांभाळावं यावरून ती आणि थोरला जे भांडले, त्यानंतर ती लग्नकार्याला आली, आजारपणाला आली, पण खेळ बघायला म्हणून या खुर्च्यांवर बसली नव्हती. आज बसायचं असं ठरवून आली होती, आणि तहाची खूण म्हणून बाटलीही आणली होती.

“पडद्याआडच्या घोटासाठी,” ती म्हणाली. “वडिलांची पद्धत मोडायची नाही. सगळ्यांनी एक एक.” मग तिचं लक्ष मुंगीच्या चेहऱ्याकडे गेलं. “अगं, एक घोट! एका घोटाने काय होतंय?”

“हेच मी म्हणतोय,” थोरला म्हणाला. बहीण-भावाचं इतक्या वर्षांत एकमत झालं ते नेमकं यावर. मुंगीने कपाळाला हात लावला.

वहिनी बाहेर आली. तिने बाटली आत्याच्या हातातून घेतली, बिछायत घातलेल्या पेटीमागे ठेवली आणि म्हणाली, “वन्सं, आधी बसा. चहा घ्या. हा प्रवेश एकदा बघा आणि सांगा. आमचं इथे अडलंय.”

“कशावर?”

“दिवेवाला पडत नाहीये,” थोरला म्हणाला.

“मग?” आत्या खुर्चीत बसत म्हणाली. “तो कशाला पडेल?”

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

“नाही म्हणजे,” आत्याने चहाचा कप अर्ध्यात थांबवला, “शिडीवरून? दिवेवाला? वडिलांच्या खेळात तो कधी पडला? तुम्ही त्याला पाडता?”

“रोज पडतो,” थोरला म्हणाला. “लोक त्यासाठी येतात. खेळातला सगळ्यात मोठा हशा आहे तो.”

“असेल. पण मी बारा वर्षांची होईपर्यंत रोज संध्याकाळी पहिल्या रांगेत बसून हा खेळ बघितलाय दादा, माझे दुधाचे दात त्या कठड्याला आपटून पडलेत. दिवेवाला वर जायचा. वाऱ्याने दिवा विझायला यायचा. मग तो...” तिने आपला हात डोक्याकडे नेला आणि तसाच धरला. “तो टोपी काढायचा! टोपी काढून ज्योतीच्या आड धरायचा. आणि ज्योत ठरायची. तेव्हा कोणी हसत नसे. माझ्या तर अंगावर काटा यायचा. बघ, आत्ता आला!”

तिने बाही वर करून सगळ्यांना दाखवली.

वहिनी खाली बसली. जवळ खुर्ची आहे की नाही हे न बघता बसली, नशिबाने पेटी होती. तिला एक संध्याकाळ दिसत होती. सासरे गेल्यानंतरचे दिवस. सुतळी पहिल्यांदा पिऊन फळीवर चढला होता. आवाज फार झालेत वहिनी, एवढं घेतलं की निभेल, असं म्हणाला होता. शिडीवर दिवेवाला थांबला आणि थांबूनच राहिला. वर बघितलं तर भावोजींचे डोळे कोरे, पुढे काय ते त्यांना उमजत नव्हतं. मग बाहुला सुटला आणि आदळला. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, पडला गं बाई पडला. लोक हसून हसून लोळले. दुसऱ्या दिवशी थोरला म्हणाला, ते वाक्य ठेव, मस्त आहे.

“ते मी म्हटलं म्हणून पडतो तो,” वहिनी म्हणाली. “आणि नुसतं तेच नाही. म्हातारी दोनदा हाक मारते ते का? कारण पहिल्या हाकेला भावोजी यायचे नाहीत. कुत्रा येतच नाही आता, कारण दोन बाहुले एका वेळी त्यांना झेपेनात. दिवेवाला दाराशी वाट चुकतो, ते गाणं... अगं बाई!” ती मुंगीकडे वळली. “ते जिथे जिथे अडले तिथे तिथे मी काहीतरी बोलले, आणि आम्ही ते खेळात घेत गेलो. चूक कशी होणार? चूक झाली की खेळच बदलायचा!”

मुंगी उभी राहिली होती. दवाखान्यात माणसं काय काय विसरतात ते ती रोज मोजायची. पण घरचे लोक विसरण्याला इतक्या प्रेमाने वाट करून देतात, की शेवटी विसरलेलं काहीच दिसत नाही, हे तिने कधी मोजलं नव्हतं.

“थांबा, थांबा,” ती भराभर बोलायला लागली. “म्हणजे हा नवा खेळ काका सगळा दारूच्या वर्षांत शिकला. शिकला कसला, आई तू खालून बोलायचीस आणि तो तुझ्या आवाजामागून जायचा. ते त्याच्या डोक्यात कधी नीट बसलंच नाही. पण जुना खेळ आजारी पडायच्या आधीचा आहे, आजोबांनी हाताला धरून शिकवलेला. तो खाली पक्का आहे! बाबा, काका विसरला नाहीये. आपण विसरलोय!”

“कायच्या काय,” थोरला म्हणाला. पण त्याचा आवाज बसला होता.

“काका!” मुंगीने वर हाक मारली. “टोपी कशी काढायचा तो?”

सुतळी फळीच्या शिडीवरून खाली आला. बाहुल्याला कडेवर घेतल्यासारखं धरून. त्याने फुली उलटी केली आणि बोट ठेवलं. मागच्या बाजूला एक दोरी गुंडाळून तिला गाठ मारलेली होती, आणि तिच्यावर रोगणाचे थरावर थर चढले होते. दर वर्षी रंग देताना थोरला तिच्यावरूनच कुंचला फिरवायचा. जादाची दोरी, कधीतरी लागेल, असं म्हणून.

“ही टोपीची,” सुतळी म्हणाला. “टोपीच्या काठाला. मग तळहाताच्या भोकातून. ओढली की टोपी हातात येते.” एवढं बोलून तो दमला. त्याची बोटं थरथरत होती. ती आजकाल थरथरायचीच, गोळ्यांमुळे.

थोरल्याने बाहुल्याचा उजवा हात उचलून पाहिला. तळहाताला भोक होतं, रंगाने बुजलेलं.

“सरका,” आत्या म्हणाली. तिने पर्समधून कापडात गुंडाळलेला दाताचा आकडा काढला. “दवाखान्यातून निघताना घाईत पर्समध्येच राहिला. असली कीड मी रोज काढते.” आणि चष्मा नाकावर ओढून ती बाहुल्याच्या हातावर वाकली. “तोंड उघड रे बाबा. दुखणार नाही. असं मी सगळ्यांनाच सांगते.”

रंगाचा खडा निखळून पडला तेव्हा वहिनीने टाळी वाजवली.

जुनी दोरी हाताला लागताच तुटली. नवी दोरी सुतळीनेच ओवली. आधी तिला मेण चोळलं, मग टोक ओठांत धरून ओलं केलं. एकदा हुकलं. पुन्हा हुकलं. मदतीला पुढे झालेला मुंगीचा हात आत्याने मागे ओढला. तिसऱ्यांदा टोक भोकातून पलीकडे आलं.

बाहेर लोकांचे आवाज यायला लागले होते.

तालमीला वेळ उरला नव्हता. थोरला पडद्याआड फेऱ्या मारत होता. त्याला भरलेल्या खुर्च्या दिसत होत्या, नवं छत दिसत होतं, आणि शिडीच्या मधल्या पायरीवर थांबून राहिलेला बाहुला दिसत होता. लोक हशाची वाट बघत असणार. ज्या क्षणाला हसायचं त्या क्षणाला हसू आलं नाही, तर ती शांतता कशी असते हे त्याला माहीत होतं. वडिलांनंतरच्या त्या एका संध्याकाळी त्याने ती क्षणभर ऐकली होती.

पितळी पेले मांडलेले होते. त्याने बाटली उघडली. पहिला पेला भरला, आणि तो घेऊन फळीच्या शिडीशी गेला. सुतळी तिथे पहिल्या पायरीवर बसला होता, गुडघ्यावर दिवेवाला.

“हात बघ तुझे,” थोरला हळू म्हणाला. खांदा दुखत होता. “इतक्या बारीक दोरीला हात स्थिर लागतो. फक्त आजच्यापुरता. कोणाला सांगत नाही मी.”

पडद्याची घडी धरून मुंगी उभी होती. तिने पाहिलं होतं. ती पुढे निघाली, आणि वहिनीने तिचा दंड धरला. “थांब,” ती ओठांनीच म्हणाली.

सुतळीने पेला हातात घेतला. नाकाशी नेला. बराच वेळ तो त्या पेल्यात बघत राहिला, मान तिरकी, थेट दिवेवाल्यासारखी.

“दादा,” तो म्हणाला, “हा घेतला की तो पडतो.”

त्याने पेला थोरल्याच्या हातात परत दिला, नीट, एक थेंब न सांडता. मग उभा राहिला.

थोरल्याने पेल्याकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं. “बाकीचे पण कोणी घेऊ नका आज,” तो शेवटी मागे वळून खेकसला, जणू बाटली दुसऱ्याच कोणी उघडली होती. “आणि तू चढ की वर! लोक काय उद्यापर्यंत बसणारेत?”

“दिवेवाला कोण घेतंय?” आत्याने मुद्दाम विचारलं.

“ज्याचा आहे तो,” थोरला म्हणाला आणि दिव्यांच्या खटक्यांकडे गेला.

पडदा उघडला. पहिल्या रांगेत आत्या, कठड्यावर दोन्ही कोपर टेकून. चौथ्या रांगेत कोपऱ्यावरचा न्हावी, जो एकही खेळ चुकवत नसे आणि प्रत्येक विनोदाला जरा आधीच हसायचा. बाजूच्या पडद्याआडून मुंगीने दोरी ओढली, म्हातारी डोलली, तिने हाक मारली. दिवेवाला पहिल्या हाकेला आला. वहिनी दुसरी हाक मारायला तोंड उघडून तशीच राहिली, आणि मिटलं तेव्हा ती हसत होती.

शिडी. एक पायरी, दुसरी.

“आता पडणार बघा, आता!” न्हावी शेजाऱ्याला म्हणाला, आणि हसायलाही लागला. हसू खुर्च्याखुर्च्यांतून पसरायला लागलं. सगळे तयार होते.

दिवेवाला मधल्या पायरीवर थांबला.

वहिनीने ओठ घट्ट मिटून घेतले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच या जागी तिला बोलायचं नव्हतं, आणि ते बोलण्यापेक्षा अवघड होतं. ते वाक्य तिच्या जिभेवर उड्या मारत होतं. वर तिला भावोजींचे हात दिसत होते. थरथरत होते. पण डोळे कोरे नव्हते. ते कुठेतरी नेमके पोचलेले होते.

दिवेवाला आणखी एक पायरी चढला. खांबावरचा दिवा लागला. थोरल्याचं बोट खटक्यावर होतं, आणि पुढे काय करायचं हे कोणीही त्याला सांगितलेलं नव्हतं. पण बोट आपोआप हललं. चालू, बंद, अर्धवट, चालू. ज्योत फडफडली. त्याला आठवलं: हे काम त्याचंच होतं! बाहुला काढून घेतल्यावर वडिलांनी त्याला वारा दिला होता. तो रुसून करायचा, पण फार छान करायचा.

ज्योत विझत आली. दोरी ताणली गेली. टोपी जरा हलली आणि अडकली. पहिल्या रांगेत आत्याने कठडा घट्ट धरला. सुतळीने दोरी सैल सोडली, श्वास घेतला, आणि पुन्हा ओढली. त्याच्या हाताची थरथर दोरीतून खाली उतरली आणि टोपी धरणाऱ्या त्या लाकडी हातात पोचली. वाऱ्यात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरेल तशीच.

टोपी ज्योतीच्या आड आली.

थोरल्याने बोट स्थिर केलं. ज्योत ठरली.

“नाही पडला,” न्हाव्याचा आवाज आला. बारीक, लहान मुलासारखा. “अहो, नाही पडला तो!”

आणि मग जे सुरू झालं ते हसू नव्हतं. टाळ्याही लगेच आल्या नाहीत. आधी नुसता एक श्वास आला, सगळ्या खुर्च्यांमधून एकदम सुटलेला, आणि त्यानंतर नव्या छताची परीक्षा झाली. आत्या उभी राहून बाही वर करून शेजारच्या अनोळखी बाईला आपला हात दाखवत होती.

खेळ संपल्यावर मुंगी धावत फळीवर गेली, वहिनी तिच्यामागे. सुतळी दोऱ्या सोडवत होता. घामाने भिजला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर एक अवघडलेलं, आनंदी हसू होतं. थोरला सगळ्यात शेवटी चढून आला, खांदा धरून.

“दादा,” सुतळीने विचारलं, “उद्या पण हाच खेळ आहे का?”

“हाच.”

“जुना?”

“जुना. कुत्र्याचं नंतर बघू.”

सुतळी विचारात पडला. “मग मला सकाळी सांग परत. उद्या आहे ते मी विसरेन.”

थोरल्याने त्याच्या हातातून फुली घेतली, खिळ्याला अडकवली आणि दिवेवाल्याची टोपी सरळ केली.

“सांगेन,” तो म्हणाला. “तीनदा विचारलंस तरी सांगेन.”